हेमाताईंच्या वहीत न लिहिलेलं

सदाशिव पेठेतल्या आमच्या दवाखान्याच्या दारावर एक पाटी होती. ‘डॉक्टर कधी येणार, हे विचारू नये. आले की दिसतील.’ ती पाटी डॉक्टरांनी लावलेली होती, पण लोकांना वाटायचं ती हेमाताईंनीच लिहिली असणार. कारण पुढच्या टेबलावर त्या बसायच्या, आणि बघितल्यावर कुणालाही त्यांची भीती वाटेल असाच त्यांचा चेहरा होता. खरं म्हणजे त्यांच्याइतकं मऊ माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि त्या मऊपणापायीच ही गोष्ट घडली, म्हणून ती लिहायची.

हेमा बिडकर हे त्यांचं नाव. शिक्षण मराठी शाळेतून मॅट्रिक. लग्न केलं नाही. अनंत नावाचा धाकटा भाऊ, तो जन्मापासून तसाच राहिलेला, चाळिशीतही पाच वर्षांच्या मुलासारखा. त्याला सांभाळायचं म्हणून त्यांनी संसार मांडला नाही. दुपारी घरी जाऊन त्याला भरवून यायच्या. तो घरी बसून औषधांच्या पुड्यांचे कागद घड्या घालून ठेवायचा आणि ताई ते दवाखान्यात घेऊन यायच्या. ‘आमच्या अनंताचा माल’ म्हणायच्या.

मी १९८२ साली तिथं लागले. बाळांची वजनं घ्यायची, सुया उकळायच्या, रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, हे माझं काम. डॉक्टर श्रीनिवास अग्निहोत्री लहान मुलांचे, त्यातही जी मुलं उशिरा बसतात, उशिरा बोलतात, ज्यांना शाळेत अक्षरं लागत नाहीत अशांचे. त्यामुळे आमच्याकडे येणारे आजार सर्दीखोकल्याचे नसत. त्यांची नावंच अशी असत की ऐकणाऱ्यानं धसका घ्यावा.

ही नावं हेमाताईंनी एका दोनशे पानी वहीत लिहून काढलेली होती. पहिल्या दिवशीच त्यांनी मला वही दाखवली.

“इंग्रजी मलाही येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण नाव चुकीचं उच्चारलं की आईबापांना वाटतं, हिला काही कळत नाही. मग ते घाबरतात. म्हणून आधी जीभ वळवायची.”

वहीत प्रत्येक नाव मराठी अक्षरांत तोडून तोडून लिहिलेलं. सेरेब्रल पाल्सी, आणि पुढं शेरा: ‘एका दमात म्हणणे. मेंदूचा निरोप हातापायांना नीट पोचत नाही.’ मस्क्युलर डिस्ट्रॉफी: ‘ट्रॉवर जोर. स्नायू लवकर दमतात.’ डिस्लेक्सिया: ‘बुद्धी चांगली. अक्षरं डोळ्यांपुढं जागा बदलतात, वेगळ्या पद्धतीने शिकवणे.’ डाऊन सिंड्रोम: ‘डाऊन हे एका साहेबाचं आडनाव. त्याचा दुसरा अर्थ लावू नये.’ डॉक्टर बोलत तेव्हा दाराशी उभं राहून त्या उच्चार ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी जाताना लक्ष्मी रोडभर ते नाव पुटपुटत जायच्या. एकदा एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, “कोणाचं स्तोत्र हो हे?”

लोकांना डॉक्टरांपुढं काही विचारायचा धीर व्हायचा नाही. बाहेर आले की ते टेबलाशी घुटमळायचे. मग हेमाताई कागद हातात घ्यायच्या, नाव अगदी डॉक्टरांसारखं खणखणीत म्हणायच्या आणि चार सोप्या शब्दांत अर्थ सांगायच्या. माणसं सुटकेनं खांदे सैल सोडून जिना उतरायची.

पण त्यांच्या वहीत एक गोष्ट कुठंच नव्हती. कुठल्याच आजारापुढं ‘कायमचं’ असं लिहिलेलं नव्हतं. ‘वाढत जातं’ नव्हतं. ‘जीव जातो’ तर नव्हतंच. मी एकदा विचारलं तर त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “कुंदा, वास्तू तथास्तु म्हणत असते. छपराखाली अभद्र बोलू नये.”

अनंत चार वर्षांचा असताना त्यांची आई त्याला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर इंग्रजीत काही बोलले. बाहेर कंपाउंडरने भर गर्दीत सांगितलं, “म्हणजे जन्मभर वेडा राहणार.” आई घरी आली आणि हेच शब्द देवघराच्या उंबऱ्यात वडिलांना तिनं सांगितले. पुढं मरेपर्यंत ती म्हणत राहिली, मी ते घरात बोलले नसते तर. हेमाताई तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या.

आता कुणी हसेल. मी हसले नाही. आमच्याही घरी तिन्हीसांजेला कुणी वेडंवाकडं बोललं की आई दिव्याला हात जोडायची. मीही जोडते.

सन १९८६च्या भाद्रपदातली गोष्ट. लोणी काळभोरचं एक जोडपं बाळ घेऊन आलं. सोबत नवऱ्याची आई, सरुबाई. बाळ पाच आठवड्यांचं, मुलगी. कावीळ उतरत नव्हती म्हणून आणलेली. मी तिला वजनकाट्यावर ठेवली तर ती रडली नाही. गार काट्यावर उघडं बाळ ठेवलं की सगळी बाळं भोकाड पसरतात. ही नुसती पडून राहिली, जीभ जराशी बाहेर. बेंबी फुगलेली. कातडी हाताला गार आणि खरखरीत.

“लई गुणाची हाय,” सरुबाई कौतुकानं म्हणाल्या. “दूध पाजायलाबी उठवावं लागतं.”

डॉक्टरांनी तपासलं आणि गळ्यातल्या ग्रंथीसाठी रक्त पाठवलं. ती तपासणी तेव्हा आठवड्यातून एकदाच व्हायची. अहवाल यायला आठ दिवस लागले. नेमके त्याच वेळी डॉक्टर परिषदेसाठी नागपूरला गेलेले. गुरुवारी बाळाचा बाप जयसिंग आणि सरुबाई अहवाल न्यायला आले. डॉक्टरांच्या गैरहजेरीत अहवाल द्यायचा नाही, असा नियम होता. पण माणसं लांबून आलेली, काम बुडवून. हेमाताईंनी पाकीट उघडलं.

“कंजेनायटल हायपोथायरॉइडिझम,” त्यांनी वाचलं. एकही अक्षर अडखळलं नाही.

“म्हंजी?” जयसिंगनं विचारलं. त्याच्या हातातली टोपी चुरगळली होती.

हेमाताईंनी वहीकडे बघितलंही नाही, त्यांना पाठ होतं. “गळ्यात एक ग्रंथी असते. हिची जरा आळशी आहे. म्हणून बाळ शांत आहे. डॉक्टर गोळी देतील, रोज द्यायची. काळजीचं काही नाही.”

“आळशी व्हय!” जयसिंग हसला. “मग आमच्या आबावर गेली. त्येबी दुपारपातूर उठत न्हाईत.”

“गप रं,” सरुबाई म्हणाल्या. पण त्याही हसल्या. “मग गोळी न्यायला कवा येऊ?”

“डॉक्टर सोमवारी येतील. तुम्ही या सवडीनं.”

मी शेजारीच बाटल्या पुसत होते. मी ते ऐकलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, किती छान सांगितलं. रजिस्टरात ‘अहवाल नेला’ असं मीच लिहिलं आणि जयसिंगची सही घेतली.

डॉक्टर सोमवारी आले. गर्दी खूप होती. लोणीचं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या लक्षातही राहिलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. डॉक्टरांनीच उचलला. पलीकडचे डॉक्टर विचारत होते, त्या बाळाला किती मात्रा सुरू केली?

“कुठल्या बाळाला?” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. फोन ठेवून बाहेर आले.

“अहवाल कुणी दिला?”

हेमाताई उठून उभ्या राहिल्या. “मी.”

“काय सांगितलंत?”

ताईंनी सांगितलं, शब्दाला शब्द. डॉक्टर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“आळशी? हेमाताई, त्या बाळाची ग्रंथी आळशी नाही. ती जवळजवळ नाहीच. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू वाढायला जे लागतं ते तिला मिळत नाहीये. मी तर लोणीला निरोप पाठवून बोलावलं असतं. एकेक दिवस जातो तो परत भरून येत नाही. आणि आपण त्यांना सवडीनं यायला सांगितलंत.”

ताईंचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. त्या अनंताकडे बघत होत्या, तो तिथं नसतानाही.

“मी जाते,” त्या म्हणाल्या.

केसपेपरवर पत्ता होता: जयसिंग गेनबा काळभोर, लोणी. बस्स. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी दिली आणि स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. अर्धी गोळी, बारीक पूड करून, चमचाभर आईच्या दुधात. बाळ सापडेल तिथंच पहिली द्यायची. आणि उद्या सकाळी बाळ इथं हवं. मला म्हणाले, “कुंदा, यांच्याबरोबर जा. एकटं सोडू नको.”

बसमध्ये हेमाताई खिडकीशी बसल्या. पर्समधली पट्टी पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. हडपसरला बस बदलली. मला त्या बाळाचं गार अंग हाताला लागत होतं. बारा दिवस. मी मनात त्या दिवसांत आपण काय काय केलं ते आठवत होते. बहिणीबरोबर साडी आणायला गेले, एकदा सिनेमा. आणि तिकडे ते बाळ गप पडून होतं. त्यानं रडायला हवं होतं. कुणाला तरी कळायला हवं होतं.

लोणीत फाट्यावर पानाच्या टपरीवर विचारलं, “जयसिंग काळभोर कुठं राहतात?”

टपरीवाल्यानं चुन्याचं बोट पुसलं. “बाई, हितं दगड मारला तर काळभोरालाच लागतो. जयसिंग चार. एक वारला, तीन ऱ्हायले. कोनता पायजे?”

“ज्यांना नुकतीच मुलगी झाली,” ताई म्हणाल्या.

“मुलीचं कोन सांगत फिरतंय? पेढं वाटलं असतं तर ठावं असतं.”

पहिला जयसिंग म्हातारा निघाला. दुसऱ्याच्या घरी कुलूप. उन्हात, चिखलात, उसाच्या कडेनं आम्ही चालत होतो आणि ताईंचा श्वास असा वाजत होता की मला वाटलं या इथंच खाली बसतील. तिसऱ्या घराच्या अंगणात सरुबाई शेंगा निवडत होत्या. आम्हाला बघून त्या आनंदानं उठल्या.

“अगबया, दवाखान्याच्या बाई! या, या. आमी येनारच हुतो गोळी न्यायला. ह्या आठवड्यात जरा येळ न्हाय झाला. बसा, च्या टाकते.”

“बाळ कुठंय?” ताईंनी विचारलं.

“सून माहेरी हाय न्हवं, वाघोलीला. दवाखान्यातबी तिथनंच आनली हुती. पहिली येळ. तीन म्हैनं झाल्याबिगर कशी आनू?”

हेमाताई अंगणातल्या दगडावर बसल्या. मी पाणी मागितलं. तेवढ्यात जयसिंग आला, त्याचा टेंपो होता, भाजी मार्केट यार्डात टाकून परतला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगायला लागले, पण ताई मध्येच म्हणाल्या, “नाही कुंदा. मी सांगते. बाळाला आज गोळी मिळाली पाहिजे. आत्ता आम्हाला वाघोलीला न्या. वाटेत सांगते.”

थेऊरवरून, केसनंदच्या रस्त्यानं टेंपो निघाला. आम्ही तिघं पुढं दाटीवाटीनं. ताईंनी सांगितलं तेव्हा जयसिंगनं गाडी थांबवली नाही. फक्त वेग वाढवला. खड्ड्यांमधून टेंपो असा उडत होता की मी पुढच्या पट्टीला घट्ट धरून बसले.

“तुमी म्हनला व्हता आळशी,” तो म्हणाला. “आमी घरात हसलो. आळशी म्हून हाका मारल्या तिला.”

“हो.”

“सवडीनं म्हनला व्हता.”

“हो.”

“तुमास्नी ठावं व्हतं का न्हवतं?”

ताईंनी पर्स घट्ट धरली. “अर्थ माहीत होता. उशीर केला तर काय होतं, तेही एकदा ऐकलं होतं. ते मी वहीत लिहिलं नाही. मला ते लिहायचं नव्हतं.”

जयसिंगनं गिअर बदलला. थेऊरला चिंतामणीच्या कळसाकडे बघून मी हात जोडले. हेमाताईंनी जोडले नाहीत. त्यांचे दोन्ही हात पर्सवर होते.

वाघोलीत पोचेतो दिवे लागायची वेळ झाली होती. घरात तुळशीपुढं दिवा ठेवून मैनाची आई नुकतीच आत आली होती. मैना, म्हणजे बाळाची आई, भिंतीला टेकून बसलेली. बाळ शेजारी दुपट्यात. मी आधी त्याच्याकडे गेले. जागंच होतं. डोळे उघडे, पण माझ्या मागं फिरत नव्हते. मी टाळी वाजवली. बाळ दचकलं नाही.

मी पुन्हा एकदा, कानाजवळ वाजवली.

“शांत हाय हो,” मैनाची आई म्हणाली. “आमच्याकडं एवढं गुनी लेकरू कुनाचंच न्हवतं.”

हेमाताई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं त्या मैनाला बाहेर अंगणात बोलावतील, छपराखाली नको म्हणून. त्यांनी एकदा वर आढ्याकडे बघितलं. मग आत आल्या आणि जमिनीवर बसल्या.

“बाळा,” त्या मैनाला म्हणाल्या, “मी तुझ्या घरच्यांना अर्धंच सांगितलं. उरलेलं आता सांगते. ही शांत नाही, ही आजारी आहे. हिच्या गळ्यात जी ग्रंथी हवी ती काम करत नाही. रोज गोळी दिली नाही तर ही चालणार नाही. बोलणार नाही. तुला आई म्हणून ओळखायला हिला किती वर्षं लागतील ते सांगता येणार नाही.”

“अवो बाई!” मैनाची आई ओरडली. “तिन्हीसांजेचं काय बोलताय! लेकरापुढं! घरात दिवा लावलाय!”

“लावलाय, मला दिसतोय,” ताई म्हणाल्या. “तरी मी बोलणार. हा आजार जन्मभराचा आहे. गोळी जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही. आणि बारा दिवस आधीच गेलेत. ते माझ्यामुळं गेले.”

मैना एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. तिनं रडायला सुरुवात करावी असं मला वाटत होतं. ती रडली नाही. ती म्हणाली, “गोळी कुठं हाय?”

मी चमच्यात अर्ध्या गोळीची पूड केली. मैनानं भिंतीकडे तोंड करून दूध काढून दिलं. ताईंनी चमचा बाळाच्या ओठाला लावला, मी त्यांचं मनगट धरलं. बाळानं जीभ बाहेर ढकलली. निम्मं दूध गालावर आलं. मैनानं ते बोटानं गोळा करून पुन्हा आत घातलं. तीनदा. शेवटी बाळानं गिळलं.

मैनाची आई देवापुढं बसून राहिली होती. आम्ही निघताना तिनं आमच्याकडे बघितलं नाही. जयसिंगनं मात्र आम्हाला स्टँडवर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी तो बायको आणि बाळासह जिन्यावर बसलेला होता. ती पाटी त्यानं वाचली, पण विचारलं काहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, “आठ आठवडे. याहून उशिरा आलेलीही सुधारलेली पाहिलीत. न सुधारलेलीही पाहिलीत. बघू.”

त्या ‘बघू’त पुढची काही वर्षं गेली. दर महिन्याला मैना बाळ घेऊन यायची. मुलीचं नाव हौसा ठेवलं होतं. पहिल्या खेपेला पंधरा दिवसांनीच बोलावली होती, तेव्हा काट्यावर ठेवली तर ती रडली. मी आणि हेमाताई एकमेकींकडे बघून हसलो, आणि आतल्या खोलीत जाऊन रडलो. पण भीती गेली नाही. हौसा बसली, दीड महिना उशिरा. चालली सोळाव्या महिन्याला. प्रत्येक वेळी ताई माझ्याकडे बघायच्या आणि मी डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी हेमाताईंना काढलं नाही. राजीनामा त्यांनी लिहून दिला होता, तो डॉक्टरांनी परत दिला. म्हणाले, “वही पुरी करा, मग बोलू.” ताईंनी वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतली. प्रत्येक नावाखाली आणखी दोन ओळी. पुढं काय होऊ शकतं, आणि किती दिवसांत काय करायचं. ते लिहायला त्या घरी बसत नसत. ओंकारेश्वराच्या घाटावर, उघड्या आभाळाखाली बसून लिहायच्या. त्यांचं मन पूर्ण बदललं नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं.

लोकांना त्या पुढं सगळं सांगायच्या. काही बायका तिथंच रडायच्या. एकीनं शाप दिला. “तुमच्या तोंडाला किडे पडोत,” म्हणाली. ताईंनी तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला आणि पुढची तारीख एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली.

हौसा सात वर्षांची झाली तेव्हाची एक सकाळ सांगून थांबते. ती लोणीच्या शाळेत दुसरीत होती. मैना औषधाची चिठ्ठी घेत होती आणि हौसा दारातल्या पाटीपुढं उभी राहून मोठ्यानं वाचत होती.

“डॉक्टर... कधी... येणार... हे...”

तिथं ती थांबली. बोट ‘विचारू’वर होतं. हेमाताईंची लेखणी थांबली. माझीही सुई भांड्यात तशीच राहिली. हौसानं एकदा जीभ ओठांवरून फिरवली, पाय बदलला.

“वि... विचा... विचारू नये!” ती म्हणाली आणि पुढचं सगळं भराभर वाचून मोकळी झाली. मग मागं वळून म्हणाली, “असं का लिवलंय? विचारलं तर काय हुतंय?”

मैना हसली. तिला घेऊन जिना उतरली.

हेमाताई दाराकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “अडकली का गं ती?”

“ताई, दुसरीतलं प्रत्येक मूल जोडून वाचताना अडकतं.”

“ते नको सांगू. त्या बारा दिवसांमुळं अडकली का?”

माझ्या ओठांवर ‘नाही हो’ आलं होतं. वर छप्पर होतं, समोर गणपतीचा फोटो, त्याला सकाळीच मी फूल वाहिलेलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग रजिस्टर उघडून हौसाची पुढची तारीख लिहिली.